एनएफएल ड्राफ्टपूर्व खेळाडू मूल्यमापन

एनएफएल ड्राफ्टपूर्व खेळाडू मूल्यमापन ही अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग (संक्षेप: एनएफएल) या व्यावसायिक स्पर्धेतील संघ महाविद्यालयीन फुटबॉलपटूंची पारख करण्यासाठी राबवत असलेली वर्षभराची प्रक्रिया होय. दरवर्षी एप्रिल महिन्यात होणाऱ्या ड्राफ्टमध्ये कोणता खेळाडू घ्यावा, कोणत्या फेरीत घ्यावा आणि कोणाला वगळावे, हे संघ या प्रक्रियेच्या आधारे ठरवतात. चित्रफितींचा अभ्यास, प्रत्यक्ष सामने पाहणे, शारीरिक मोजमापे, वैद्यकीय तपासणी, मुलाखती आणि स्वभावाविषयीची चौकशी हे तिचे मुख्य भाग आहेत.

या लेखात 'फुटबॉल' हा शब्द सर्वत्र अमेरिकन फुटबॉल या अर्थाने वापरला आहे. हा खेळ लंबगोल चेंडूने, प्रत्येकी अकरा खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जातो.

पार्श्वभूमी

भारतीय वाचकाला इंडियन प्रीमियर लीगमधील खेळाडूंचा लिलाव परिचित आहे. ड्राफ्ट हा त्याहून वेगळा प्रकार आहे. लिलावात जो अधिक बोली लावतो त्याला खेळाडू मिळतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, क्रम असतो. मागील हंगामात सर्वांत कमी यश मिळवणाऱ्या संघाला पहिली निवड मिळते आणि विजेत्या संघाला प्रत्येक फेरीच्या शेवटची. एनएफएलमध्ये ३२ संघ असून इ.स. १९९४ पासून ड्राफ्ट सात फेऱ्यांचा असतो. मागील हंगामात गमावलेल्या खेळाडूंच्या बदल्यात काही संघांना जादा निवडी मिळतात. त्यामुळे दरवर्षी साधारणपणे अडीचशेहून थोडे अधिक खेळाडू निवडले जातात. संघ आपल्या निवडीचा हक्क दुसऱ्या संघाला देऊन त्याच्या बदल्यात इतर निवडी किंवा खेळाडू घेऊ शकतात.

माध्यमिक शाळेतून बाहेर पडल्यावर किमान तीन वर्षे पूर्ण झालेला खेळाडूच ड्राफ्टसाठी पात्र ठरतो. त्यामुळे बहुतेक खेळाडू विद्यापीठाच्या संघांतून येतात. वयोगटांच्या राष्ट्रीय संघांची किंवा क्लब अकादमींची व्यवस्था या खेळात नाही. व्यावसायिक संघांच्या दृष्टीने विद्यापीठीय सामने हेच प्रशिक्षणाचे आणि परीक्षेचे ठिकाण असते. दरवर्षी ड्राफ्टसाठी पात्र होणाऱ्या महाविद्यालयीन खेळाडूंपैकी शंभरात दोघांनाही निवड मिळत नाही.

इतिहास

आरंभ

ड्राफ्टची कल्पना इ.स. १९३५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांनी मांडली. चांगले खेळाडू श्रीमंत आणि यशस्वी संघांकडेच जात असल्याने दुबळे संघ अधिक दुबळे होत होते, ही त्यांची तक्रार होती. पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील एका हॉटेलात झाला. त्या वेळी नऊ संघ होते. ९० खेळाडूंची नावे फळ्यावर लिहिलेली होती आणि त्यांतून निवड करायची होती. कोणत्याही संघाकडे खेळाडू शोधण्याचा स्वतंत्र विभाग नव्हता. वर्तमानपत्रांतील वृत्ते आणि ओळखीच्या प्रशिक्षकांची मते एवढाच आधार होता.

शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर हा इतिहासातील पहिला निवडलेला खेळाडू ठरला. मात्र मानधनावर एकमत न झाल्याने तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही.

संघटित शोध

दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिस रॅम्स संघाने एडी कोटल यांची नेमणूक केली. ते पूर्णवेळ खेळाडू-शोधकांपैकी (स्काउट) पहिले मानले जातात. देशभर फिरून लहान महाविद्यालयांतील खेळाडू पाहणे हे त्यांचे काम होते. पुढे खर्च वाटून घेण्यासाठी काही संघांनी एकत्र येऊन सामायिक शोधसंस्था स्थापन केल्या. इ.स. १९६३ मध्ये सुरू झालेली ब्लेस्टो ही त्यांपैकी एक होय.

संगणकाचा प्रवेश

इ.स. १९६० मध्ये स्थापन झालेल्या डॅलस काउबॉइज संघाने मूल्यमापनाला पद्धतशीर रूप दिले. संघाचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांनी आयबीएमच्या एका उपकंपनीची मदत घेतली आणि भारतात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी यांच्याकडे हे काम आले. कुरेशी यांना क्रिकेट ठाऊक होते, पण अमेरिकन फुटबॉलची ओळख नव्हती. खेळाडू-शोधकांची शेरेवजा वर्णने आकड्यांत कशी मांडावीत, ही त्यांच्यापुढील मुख्य अडचण होती. एका शोधकाचा 'चपळ' आणि दुसऱ्याचा 'चपळ' सारखा नसे. त्यामुळे सर्वांनी एकाच प्रश्नावलीवर एकाच मापाने गुण द्यावेत, अशी पद्धत घालण्यात आली. चारित्र्य, चपळता व शरीरावरील ताबा, स्पर्धावृत्ती, मानसिक तत्परता आणि ताकद व स्फोटकता हे पाच गुण त्यासाठी निश्चित केले गेले. काउबॉइज संघाने इ.स. १९६६ ते १९८५ या काळात सलग २० हंगामांत पराभवांपेक्षा अधिक विजय मिळवले. या यशामागे अनेक कारणे असली तरी इतर संघांनी त्यांच्या शोधपद्धतीचे अनुकरण केले.

दुर्लक्षित महाविद्यालये

वंशभेदाच्या काळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांकडे अनेक संघ दीर्घकाळ पाठ फिरवून होते. 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात क्रीडा संपादक असलेले बिल नन हे इ.स. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पिट्सबर्ग स्टीलर्स संघाच्या कामात सहभागी झाले. या महाविद्यालयांतील प्रशिक्षकांशी त्यांचा जुना परिचय होता. अलाबामा ए अँड एम महाविद्यालयाच्या जॉन स्टॉलवर्थ याची धाव ओल्या मैदानावर मोजली गेली, तेव्हा वेळ सामान्य आली. इतर शोधक निघून गेल्यावर नन मागे थांबले आणि कोरड्या जागी त्यांनी पुन्हा वेळ मोजली, असे सांगितले जाते. इ.स. १९७४ च्या ड्राफ्टमध्ये स्टीलर्सनी लिन स्वान, जॅक लँबर्ट, स्टॉलवर्थ आणि माइक वेब्स्टर यांना निवडले. हे चौघेही पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात समाविष्ट झाले. नन यांनाही इ.स. २०२१ मध्ये हा सन्मान देण्यात आला.

मूल्यमापनाची साधने

चित्रफितींचा अभ्यास

संघांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा पुरावा म्हणजे खेळाडूने प्रत्यक्ष सामन्यांत केलेला खेळ. दूरचित्रवाणीवरील चित्रण चेंडूच्या मागे जाते; त्यामुळे संघ मैदानावरील बावीसही खेळाडू दिसतील अशा उंचावरून केलेल्या चित्रणाचा उपयोग करतात. अभ्यासकर्ता एकच डाव अनेकदा मागेपुढे करून पाहतो. खेळाडूने काय साध्य केले, एवढेच तो पाहत नाही. ते कसे केले आणि कोणत्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध केले, हेही पाहतो. दुबळ्या बचावाविरुद्ध मिळवलेले मोठे आकडे फसवे असू शकतात, तर पराभूत संघातील एखाद्याचा उत्तम खेळ गुणफलकात दिसतच नाही.

प्रत्येक स्थानाची कसोटी वेगळी असते. आक्रमणाची सूत्रे हाती असलेल्या क्वार्टरबॅकमध्ये फेकीची अचूकता, बचावाची मांडणी वाचण्याची क्षमता आणि अंगावर धावून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांसमोर न डगमगणे पाहिले जाते. त्याचे रक्षण करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूंमध्ये पायांची हालचाल आणि हातांची लांबी महत्त्वाची असते. उलट्या पावली पळत प्रतिस्पर्ध्यावर लक्ष ठेवणाऱ्या कॉर्नरबॅकमध्ये कमरेतून झटकन वळण्याची क्षमता तपासली जाते.

प्रदर्शनीय सामने

हंगाम संपल्यावर निवडक खेळाडूंचे खास सामने होतात. इ.स. १९२५ पासून चालत आलेला ईस्ट-वेस्ट श्राइन सामना आणि अलाबामा राज्यातील मोबील शहरात होणारा सीनियर बोल हे त्यांत प्रमुख आहेत. सामन्यापेक्षा त्याआधीच्या आठवड्यातील सराव अधिक बारकाईने पाहिला जातो. लहान महाविद्यालयातील खेळाडूला नामांकित प्रतिस्पर्ध्यांसमोर उभे राहण्याची संधी तेथे मिळते.

कंबाइन

स्काउटिंग कंबाइन हे निमंत्रित खेळाडूंचे मध्यवर्ती परीक्षण शिबिर असून ते फेब्रुवारीच्या अखेरीस भरते. अशा प्रकारचे पहिले शिबिर इ.स. १९८२ मध्ये टँपा येथे भरले आणि इ.स. १९८७ पासून ते इंडियानापोलिस शहरात होते. तीनशेहून अधिक खेळाडूंना त्याचे निमंत्रण मिळते. हे शिबिर सुरू करण्यामागील मूळ हेतू वैद्यकीय तपासणी एकाच ठिकाणी करण्याचा होता. आजही अनेक संघ त्या भागालाच सर्वाधिक महत्त्व देतात; कारण गुडघा, खांदा किंवा हृदयाचा दोष चित्रफितीत दिसत नाही.

शिबिरातील प्रमुख शारीरिक चाचण्या पुढीलप्रमाणे आहेत:

• ४० यार्ड धाव (सुमारे ३६.६ मीटर): सरळ रेषेतील वेग. पहिल्या १० यार्डांची वेळ स्वतंत्र नोंदवली जाते आणि अवजड खेळाडूंच्या बाबतीत तीच अधिक बोलकी मानली जाते.
• वजन उचलणे: पाठीवर झोपून २२५ पौंड (सुमारे १०२ किलोग्रॅम) वजन किती वेळा उचलता येते, याची मोजणी.
• उभी उडी आणि लांब उडी: दोन्ही उड्या जागेवरून मारायच्या असतात, पायांतील स्फोटक ताकद त्यांतून कळते.
• तीन शंकूंची धाव आणि २० यार्डांची ये-जा धाव: थांबणे, वळणे आणि पुन्हा वेग घेणे.

४० यार्ड हे अंतर रूढ करण्याचे श्रेय क्लीव्हलँड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांना दिले जाते. या चाचणीतील कंबाइनचा विक्रम टेक्सास विद्यापीठाच्या झेव्हियर वर्दी याने इ.स. २०२४ मध्ये ४.२१ सेकंदांत नोंदवला.

बुद्धिमापनासाठी अनेक वर्षे वंडरलिक नावाची चाचणी घेतली जात असे. तिच्यात १२ मिनिटांत ५० प्रश्न सोडवावे लागत. मैदानावरील कामगिरीशी तिचा संबंध संशयास्पद असल्याची टीका दीर्घकाळ होत होती. इ.स. २०२२ पासून कंबाइनमध्ये ती घेणे बंद करण्यात आले.

मुलाखती आणि चौकशी

कंबाइनमध्ये आणि नंतर संघाच्या मुख्यालयात खेळाडूंच्या मुलाखती होतात. प्रशिक्षक फळ्यावर एखादा डाव मांडतात, विषय बदलतात आणि थोड्या वेळाने तोच डाव खेळाडूला समजावून सांगायला लावतात. त्यातून स्मरणशक्ती आणि आकलन कळते. याखेरीज शोधक खेळाडूचे प्रशिक्षक, शिक्षक आणि दुखापतींवर उपचार करणारे कर्मचारी यांच्याशी बोलतात. मार्च महिन्यात विद्यापीठे आपापल्या आवारात 'प्रो डे' नावाचा परीक्षणदिन ठेवतात. कंबाइनचे निमंत्रण न मिळालेल्या खेळाडूंसाठी ही बहुधा शेवटची संधी असते.

निष्कर्षांची मांडणी

प्रत्येक खेळाडूविषयी अनेक शोधक स्वतंत्र अहवाल लिहितात. क्षेत्रीय शोधक वर्षभर त्या भागात फिरलेला असतो, तर वरिष्ठ शोधक त्याचे मत इतर भागांतील खेळाडूंशी ताडून पाहतो. शेवटी प्रशिक्षक आणि महाव्यवस्थापक यांच्या बैठकांत सर्व नावे एका मोठ्या फलकावर गुणानुक्रमे आणि स्थानानुसार लावली जातात. वैद्यकीय कारणाने किंवा वर्तनाच्या कारणाने नाकारलेली नावे काढून टाकली जातात. पात्र खेळाडू हजारो असले, तरी संघाच्या फलकावर अखेरीस थोडीच नावे उरतात.

ड्राफ्टच्या दिवशी 'फलकावरील सर्वोत्तम खेळाडू घ्यावा' आणि 'संघात ज्या स्थानाची उणीव आहे तेथील खेळाडू घ्यावा' या दोन विचारांत नेहमी ओढाताण असते. उणिवेच्या दबावाखाली संघ साधारण खेळाडूला वरचा गुण देतात, असा पहिल्या मताच्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप आहे.

अचूकतेचा प्रश्न

इतकी साधने असूनही ड्राफ्टमधील अंदाज वारंवार चुकतात.

इ.स. २००० च्या ड्राफ्टपूर्वी मिशिगन विद्यापीठाचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याने ४० यार्डांची धाव ५.२८ सेकंदांत पूर्ण केली होती. त्याची निवड सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर झाली. पुढे त्याने सात वेळा अंतिम विजेतेपद मिळवले. इ.स. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये सर्वांत शेवटच्या, म्हणजे २६२ व्या क्रमांकावर घेतलेला ब्रॉक पर्डी दुसऱ्याच हंगामात सॅन फ्रान्सिस्को संघासह अंतिम सामन्यात पोहोचला. याउलट इ.स. २००७ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या जमार्कस रसेल याला ओकलंड संघाने तीन हंगामांनंतर मुक्त केले.

मोजमापे आणि खेळ यांत गल्लत झाल्याचीही उदाहरणे आहेत. इ.स. १९९५ मध्ये बोस्टन कॉलेजच्या माइक मामुला याने कंबाइनमधील चाचण्यांचीच खास तयारी करून उत्कृष्ट आकडे नोंदवले आणि फिलाडेल्फियाने त्याला सातव्या क्रमांकावर घेतले. त्याच ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर गेलेला वॉरन सॅप पुढे कीर्तिमंदिरात पोहोचला. मामुलाची कारकीर्द अयशस्वी नव्हती, परंतु त्याचे नाव आजही चाचण्यांवरील अतिविश्वासाचे उदाहरण म्हणून घेतले जाते. इ.स. १९९९ मध्ये जस्टिन अर्नेस्ट याने २२५ पौंड वजन ५१ वेळा उचलले, मात्र त्याची ड्राफ्टमध्ये निवडच झाली नाही.

एका मर्यादेपर्यंत वेग आणि ताकद आवश्यक असतात. ती मर्यादा ओलांडल्यावर सेकंदाच्या शतांश भागाने खेळाडूचे मोल वाढतेच असे नाही. आकडे नेमके असतात, त्यामुळे ते निर्णायकही वाटतात. परंतु कंबाइनमध्ये समोर प्रतिस्पर्धी नसतो, अंगावर धडक नसते आणि क्षणार्धात घ्यायचा निर्णयही नसतो.

अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी केड मेसी यांनी या विषयावर बहुचर्चित अभ्यास केला. एकाच स्थानावर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला खेळाडू अधिक चांगला ठरण्याची शक्यता त्यांना सुमारे ५२ टक्के आढळली. नाणेफेकीत ती ५० टक्के असते. वरच्या निवडी मिळवण्यासाठी संघ गरजेपेक्षा अधिक किंमत मोजतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. खेळाडू ओळखता येतच नाहीत, असा याचा अर्थ नाही. पहिल्या फेरीतील खेळाडू सरासरीने शेवटच्या फेरीतील खेळाडूंपेक्षा सरस ठरतात. मात्र जवळजवळच्या दोन नावांत फरक करण्याच्या आपल्या कौशल्याविषयी संघांना वाटणारा विश्वास वस्तुस्थितीपेक्षा अधिक असतो, हे या अभ्यासाने दाखवले.

संघांच्या या समजुतीचे मूर्त रूप म्हणजे निवडींच्या मोलाचा तक्ता. इ.स. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी जिमी जॉन्सन प्रशिक्षक असताना काउबॉइज संघाने तो तयार केला. त्यात पहिल्या निवडीला ३,००० गुण, दुसरीला २,६०० आणि सोळावीला १,००० गुण दिले होते. निवडींची देवाणघेवाण करताना हा तक्ता दीर्घकाळ आधारभूत मानला गेला.

खेळाडूंवरील परिणाम

ड्राफ्टमधील क्रमांकावर खेळाडूचे उत्पन्न थेट अवलंबून असते. इ.स. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डच्या करारात पाच कोटी डॉलरची रक्कम हमखास देय होती. इ.स. २०११ च्या सामूहिक करारानंतर नवख्या खेळाडूंच्या मानधनाला क्रमांकानुसार मर्यादा घालण्यात आली आणि त्या वर्षी पहिला आलेल्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा संपूर्ण करार सुमारे २.२ कोटी डॉलरचा झाला. तरीही वरच्या आणि खालच्या क्रमांकांतील तफावत मोठी आहे. शिवाय पहिल्या फेरीतील खेळाडूला चुका सुधारण्यासाठी वेळ दिला जातो, तर शेवटच्या फेरीतील खेळाडू हंगाम सुरू होण्यापूर्वीच वगळला जाऊ शकतो.

शिक्षण अपूर्ण ठेवून ड्राफ्टमध्ये उतरू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला एनएफएलची सल्लागार समिती आपला अंदाज कळवते: पहिली फेरी, दुसरी फेरी किंवा 'विद्यापीठातच राहा'. हा सल्ला बंधनकारक नसतो. तो डावलून उतरलेल्या आणि निवड न झालेल्या खेळाडूला विद्यापीठाच्या संघात परतणे सहसा शक्य नसते. निवड न झालेले खेळाडू कोणत्याही संघाशी स्वतंत्र करार करू शकतात, परंतु त्यांपैकी फार थोडे टिकतात. किराणा दुकानात रात्रपाळीला माल लावण्याचे काम केलेला कर्ट वॉर्नर अशाच मार्गाने येऊन अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

टीका

मूल्यमापनात वंशाधारित पूर्वग्रह शिरतात, ही जुनी टीका आहे. क्वार्टरबॅकचे स्थान बुद्धीचे आणि नेतृत्वाचे मानले जाई आणि कृष्णवर्णीय खेळाडूंना तेथून हटवून वेगावर भर असलेल्या स्थानांवर खेळवले जाई. वॉरन मून याने वॉशिंग्टन विद्यापीठाला इ.स. १९७८ चा रोझ बोल जिंकून दिला, तरीही त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याची निवड झाली नाही. तो कॅनडातील स्पर्धेत गेला, तेथे त्याच्या संघाने सलग पाच विजेतेपदे मिळवली आणि नंतर एनएफएलमध्ये येऊन तो कीर्तिमंदिरात प्रवेश करणारा पहिला आधुनिक कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. इ.स. २०१८ मध्येही लमार जॅक्सन याने क्वार्टरबॅकऐवजी चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरच्या स्थानावर खेळावे, असे मत काही जाणकारांनी मांडले होते. त्याची निवड ३२ व्या क्रमांकावर झाली. पुढच्याच हंगामात तो एकमताने स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

अर्धनग्न तरुणांची उंची, वजन, हात आणि पंजे सर्वांसमक्ष मोजण्याच्या प्रथेची तुलना टीकाकारांनी गुलामांच्या बाजाराशी केली आहे. मुलाखतींत कुटुंब आणि खाजगी जीवनाविषयी अवमानकारक प्रश्न विचारल्याच्या तक्रारीही झाल्या. इ.स. २०२२ मध्ये एनएफएलने अशा वर्तनासाठी संघांना दंड करण्याची आणि त्यांची निवड काढून घेण्याची ताकीद दिली.

समर्थकांच्या मते, समान चाचण्यांमुळे लहान महाविद्यालयातील अपरिचित खेळाडूला नामांकित विद्यापीठातील खेळाडूशी त्याच मापाने तुलना होण्याची संधी मिळते. स्टॉलवर्थची धाव दुसऱ्यांदा मोजली गेल्याचा प्रसंग या दोन्ही बाजूंनी वाचता येतो: घड्याळाने त्याच्या बाजूने साक्ष दिली हे खरे, परंतु पहिल्या वेळेवर समाधान न मानता दुसऱ्यांदा पाहणारा माणूस तेथे थांबला होता, हेही तितकेच खरे आहे.